दुखणं दुसऱ्या दिवशी येतं

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मेडिकलात जेवढा बाम खपतो तेवढा वर्षात एरवी कधीच खपत नाही. बाम, स्प्रे, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉलचे पत्ते, सगळंच. बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको, हुतात्मा चौकातून एकदा सुरू झाली की कपिलेश्वर तलावावर शेवटची मूर्ती पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाचं ऊन डोक्यावर आलेलं असतंय आणि तोवर पोरं ढोल कमरेला बांधून उभी. आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच रात्री दुकानात आला, टिपरू धरून धरून अंगठ्याची साल निघालेली, हात रक्ताळलेला, मला वाटलं ड्रेसिंगला आला असेल, तर त्याला टिपरूला गुंडाळायला चिकटपट्टी हवी होती.

"अरे हात बघ की तुझा."

"कुठं काय काका, काय दुखत नाही."

खोटं बोलत नव्हता तो. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच पोरगा परत दारात, उजवा हात खांद्याच्या वर जाईना म्हणून डाव्या हातानं खिशातले पैसे काढालाय.

मग हे दुखणं रात्रभर होतं कुठं? स्नायू रात्रीच ताणलेला, कातडी रात्रीच सोललेली, आणि जाणवलं मात्र घरी जाऊन झोपून उठल्यावर. थोडा भाग सूज चढायला वेळ लागतो म्हणून, ते खरंय. पण सोललेल्या अंगठ्याला सुजेची वाट बघायची काय गरज होती?

ह्याचं उत्तर एंडॉर्फिन, म्हणजे दुखणं दाबणारी अंगातलीच रसायनं. डी. फार्मला असताना ह्यावर पुस्तकात अर्धं पान होतं, परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. नंतर दुकानात बसून, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा, वाचत गेलो. अफूच्या बोंडाच्या चिकातून मॉर्फिन वेगळं काढलं ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पण ते मेंदूत नेमकं कुठं जाऊन बसतं हे कळायला 1973 उजाडलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या लॅबमध्ये कँडेस पर्ट नावाची तरुण विद्यार्थिनी होती, तिनं ह्या औषधांचा रिसेप्टर, म्हणजे औषध जाऊन बसतं ती पेशीवरची जागा, मेंदूत आहे हे दाखवून दिलं, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला नि स्वीडनलाही दोघांनी आपापल्या लॅबमध्ये तेच दाखवलं. (पुढं 1978 ला ह्या कामासाठी लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार दिला गेला तेव्हा पर्टचं नाव त्यात नव्हतं, आणि ती गप्प बसली नाही. बरोबरच केलं तिनं.) आता रिसेप्टर सापडला म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच. माणसाच्या मेंदूत खसखशीच्या झाडाच्या चिकासाठी जागा राखून कोण ठेवील? म्हणजे तिथं बसणारं काहीतरी आपल्या अंगातच तयार होत असणार.

ते शोधलं स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला. हान्स कोस्टरलिट्झ, जर्मनीतून हिटलरच्या काळात बाहेर पडलेला ज्यू माणूस, तेव्हा सत्तरी ओलांडलेला, आणि त्याचा तरुण जोडीदार जॉन ह्यूज. ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जायचा आणि डुकरांचे मेंदू घेऊन यायचा. त्या मेंदूंचा अर्क काढायचा आणि तपासायचा कसा, तर गिनी पिगच्या आतड्याच्या तुकड्यावर. आतड्याचा तुकडा विजेचा हलका झटका दिला की आकसतो, मॉर्फिन टाकलं की त्याचं आकसणं कमी होतं. डुकराच्या मेंदूचा अर्क टाकला तरी तसंच झालं, आणि मॉर्फिनचा असर उतरवणारं नॅलॉक्सोन टाकलं की परत पहिल्यासारखं. डिसेंबर 1975 मध्ये त्यांनी जाहीर केलं, पाच-पाच अमिनो ॲसिडच्या दोन छोट्या साखळ्या, फक्त शेवटचा मणी वेगळा. त्यांना एन्केफॅलिन म्हणतात. पुढच्याच वर्षी चो हाओ ली ह्या शास्त्रज्ञाला उंटाच्या पिट्युटरी ग्रंथीतून 31 अमिनो ॲसिडचं बीटा-एंडॉर्फिन मिळालं, आणि 1979 ला अव्रम गोल्डस्टीनच्या लॅबमधून डायनॉर्फिन आलं. डुक्कर, उंट, गिनी पिग, आणि ह्या सगळ्यातून कळलं काय तर आपल्या अंगात मॉर्फिनचे भाऊबंद तयार होत असतात. ह्या सगळ्यांना मिळून लोक एंडॉर्फिन म्हणतात.

आमच्या धंद्यातल्या माणसाला ह्यात एक गंमत दिसते ती बाकीच्यांना दिसणार नाही. लोकांना वाटतं एंडॉर्फिन म्हणजे मेंदू, आनंद, मॉर्निंग वॉक वगैरे. माझ्या दुकानात त्याचं खरं ठिकाण जुलाबाच्या कप्प्यात आहे. लहान पोरांना जुलाब लागले की डॉक्टर रॅसेकॅडोट्रिलची पुडी लिहून देतात, ती काय करते, तर आतड्यातलं एन्केफॅलिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवते, मग एन्केफॅलिन जास्त वेळ टिकतं आणि आतड्यात पाणी सुटायचं कमी होतं. आणि मोठी माणसं एसटीत बसायच्या आधी जी लोपरामाइडची गोळी मागतात ती तर सरळ मॉर्फिनच्याच घराण्यातली, आतड्यातल्या त्याच रिसेप्टरवर बसणारी, फक्त नेहमीच्या डोसमध्ये मेंदूत शिरत नाही म्हणून नशा नाही. कोस्टरलिट्झनं आतड्याचा तुकडा उगाच घेतला नव्हता. म्हणून कोण "एंडॉर्फिन म्हणजे हॅपी हार्मोन" म्हणालं की माझी नजर आपोआप त्या कप्प्याकडं जाते.

तर पोराच्या अंगठ्याकडं परत. डायक्लोफिनॅक वगैरे ज्या गोळ्या आम्ही विकतो त्या मुख्यत: दुखऱ्या जागी काम करतात, तिथं तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात, म्हणजे दुखण्याची ओरडच कमी. अंगातलं औषध वेगळ्या ठिकाणी काम करतं. अंगठ्यातून निघालेली खबर मज्जारज्जूत पोचते आणि तिथं एका मज्जातंतूनं दुसऱ्याला ती सांगायची असते, त्या देवघेवीतच एन्केफॅलिन पहिल्याचं तोंड दाबतं आणि दुसऱ्याचे कान बंद करतं. हे करायचा हुकूम वरून मेंदूतून येतो. 1969 ला डेव्हिड रेनॉल्ड्स ह्या शास्त्रज्ञानं उंदराच्या मध्यमेंदूतल्या एका ठराविक भागाला विजेनं चेतवलं आणि भूल न देता त्याच्या पोटाचं ऑपरेशन केलं, उंदीर शांत. म्हणजे दुखणं वर पाठवायचं की खालीच दाबायचं ह्याचा निर्णय मेंदू घेत असतो, आणि घेताना त्या घडीला काय चाललंय ते बघतो. ढोल चाललाय. पुढं मूर्ती आहे, दोन्ही बाजूला आपलीच गँग आहे. अंगठा नंतर बघू.

मूड चढतो तोही ह्याच भानगडीतून. मेंदूत डोपामिन, म्हणजे भारी वाटायला लावणारं रसायन, सोडणाऱ्या पेशींवर एक ब्रेक लावलेला असतो, हे अंगातलं मॉर्फिन त्या ब्रेकवर बसलेल्या पेशींनाच गप्प करतं, ब्रेक सुटला की डोपामिन वाहतं. म्हणून मिरवणुकीतल्या पोराला नुसतं दुखत नाही असं नसतं, त्याला भारी वाटत असतं.

कुस्तीच्या मैदानावर तर हे दर वर्षी बघायला मिळतं. आनंदवाडीच्या आखाड्यात बोट निखळलेलं असताना पैलवान दहा-बारा मिनिटं कुस्ती ओढतो, फेटा बांधून घेतो, बक्षीस घेतो, मैदानाला चक्कर मारतो, आणि मग कट्ट्यावर बसल्यावर तोंड वेडंवाकडं करतो. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं इटलीच्या आघाडीवर जबर जखमी झालेल्या सैनिकांना विचारलं होतं, दुखण्यावर काही देऊ काय, तर सुमारे तीन चतुर्थांश लोक नको म्हणाले. 1946 ला त्यानं ते लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं असं होतं की सैनिकाच्या दृष्टीनं ती जखम म्हणजे जीव वाचला, आता घरी जायचं. तशीच जखम साध्या माणसाला रस्त्यात झाली तर तो ओरडून गाव गोळा करील. तेव्हा एंडॉर्फिन कुणाला ठाऊकही नव्हतं, पण दुखणं नुसत्या जखमेच्या मापानं येत नाही, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

माझं आजोळ येळ्ळूरकडचं, भाताचं शिवार. पावसाळ्यात नट्टी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की माझ्या मावश्या आणि भावकीतल्या बायका ओळीनं चिखलात उतरायच्या, अंगावर प्लॅस्टिकची खोळ, गुडघाभर चिखल, कमरेत वाकून सकाळपासून सांजेपर्यंत रोप लावत मागं मागं सरकायच्या. आणि गायच्या. एक म्हणायची, बाकीच्या झेलायच्या, हाताची लय गाण्यावर. मधेच कुणाच्या तरी सासूची नक्कल व्हायची आणि अख्खी ओळ वाकल्या वाकल्या खदखदायची. आम्ही पोरं बांधावर. तेव्हा कुणी कंबर धरून सरळ झालेली मला आठवत नाही (आठवणीवर किती विश्वास ठेवायचा ते सोडा). गडीमाणसं म्हणायची, बायकांची जातच चिवट, सोशिक, त्यांना काय होत नाही.

2010 ला ऑक्सफर्डच्या नाव वल्हवणाऱ्या खेळाडूंवर एक प्रयोग छापून आला. 12 जण, जिममधल्या वल्हवायच्या मशीनवर 45 मिनिटं, कधी एकट्यानं आणि कधी गटानं एका लयीत. नंतर दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवत न्यायचा, दुखलं की सांगायचं. मेहनत तेवढीच, पण एकत्र वल्हवल्यावर दुखणं सोसायची मर्यादा एकट्यापेक्षा जास्त वाढली. त्यात एंडॉर्फिन थेट मोजलं नव्हतं, सोसण्यावरून अंदाज होता. नंतर 2017 ला फिनलंडमधल्या लोकांनी पीईटी स्कॅन वापरून दाखवलं, की मित्रांबरोबर बसून पोट धरून हसल्यावर मेंदूत हे अंगातलं मॉर्फिन खरंच सुटतं. ते वाचताना मला नट्टीची ओळ दिसली. एका लयीत हात, गाणं, हसणं, आणि मेहनत तर होतीच. ऑक्सफर्डवाल्यांनी जे मशीनवर केलं ते आमच्या बायका दर पावसाळ्यात चिखलात करत होत्या, पण त्यांचा दंड मोजायला कोण गेलं नाही.

सोशिक जात वगैरे काही नसतं हो. परिस्थितीच अशी होती की मेंदू औषध सोडत होता. आणि हे औषध म्हणजे उधारी आहे. आता माल घेऊन जा, पैसे नंतर. गुडघ्याची कुर्चा झिजत होती ती झिजतच होती, मणक्यातली गादी दबत होती ती दबतच होती, एंडॉर्फिननं त्यातलं काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त चिठ्ठी फाडायची थांबवली. त्याच मावश्या आता साठी-सत्तरीत माझ्या दुकानात येतात, "गुडघं लई दुखालेत रे, मागच्या वेळची ती पिवळी गोळी दे," म्हणत. कन्नड गिऱ्हाईक "सोंट नोवु री" म्हणत येतं, मराठी "कंबर धरलीय" म्हणत, माल एकच जातो. आणि मावशीला आता ना ओळ आहे ना गाणं. पोरगा पुण्याला, पोरगी गोव्याला, टीव्हीपुढं एकटी बसून गुडघा चोळत असते. चोळल्यानं बरं वाटतं ते खोटं नाही, स्पर्शाची खबर दुखण्याच्या खबरीला मज्जारज्जूत आडवी जाते, मेल्झॅक आणि वॉल ह्या दोघांनी 1965 लाच ते मांडलंय. पण किती चोळणार?

रीलवाल्यांचा मला राग आहे तो इथं. "एंडॉर्फिन वाढवायचे सात उपाय", डार्क चॉकलेट खा, थंड पाण्यानं अंघोळ करा, पहाटे पळा. एक कॉलेजचा पोरगा तर विचारायला आला, काका एंडॉर्फिनची गोळी येती काय. अरे बाबा, तसल्या घराण्यातल्या गोळ्या येतात, ट्रामाडॉल त्यातलीच, 2018 पासून ती अमली पदार्थांच्या कायद्यात घातलीय, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तुला दिली तर माझं लायसन जाईल. बाहेरून ओतत राहिलं की शरीर सवयीचं होतं, जास्त मागतं, आणि त्यात श्वासच थांबतो माणसाचा. अंगातलं तयार होतं ते चिमूटभर, हवं त्या जागी, आणि एन्केफॅलिन तर काही मिनिटांतच मोडून टाकलं जातं. ते आपल्या हुकमावर येत नाही ही त्यातली अडचण नाही, तीच त्यातली शहाणी गोष्ट आहे असं मला वाटतं.

पळण्याचंही तसंच. आमच्याकडं भरतीची पोरं पहाटे अंधारात 1600 मीटरचा सराव करत पळत असतात, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच म्हटल्यावर ते वेड हवेतच आहे. पळून आल्यावर जी धुंदी चढते तिचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला दिलं गेलं, आणि 2008 ला जर्मनीत दोन तास पळालेल्या 10 धावपटूंच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ते सुटल्याची खूणही मिळाली. पण 2021 ला जर्मनीतच 63 जणांवर दुसरा प्रयोग झाला, मॉर्फिन-एंडॉर्फिन बसतात तो ओपिऑइड रिसेप्टर बंद करणारी नॅलट्रेक्सोन गोळी देऊन पळवलं, तरी धुंदी आलीच. म्हणजे त्यात दुसऱ्याच रसायनांचा हात मोठा असावा, आनंदामाइड वगैरे, जी गांजाच्या रिसेप्टरवर बसतात, तीही अंगातलीच. सायन्स असंच चालतं, आज ज्याचा फेटा बांधला त्याला उद्या उतरवायला लागतो.

दुकानात रोज दिसणारी अजून एक गोष्ट म्हणजे सुईचा हट्ट. गोळी नको, डॉक्टरकडून सुईच मारून घेतो. सुई टोचल्या टोचल्या, औषध अजून दंडातून हललेलंही नसतं, माणूस म्हणतो आता बरं वाटालंय. पूर्वी मी हसायचो. 1978 ला कॅलिफोर्नियात लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या लोकांना औषध म्हणून नुसतंच बिनऔषधी इंजेक्शन दिलं, काहींना आराम पडला. मग नॅलॉक्सोन दिल्यावर त्या आराम पडलेल्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे आराम खोटा नव्हता, कुणीतरी आपल्याकडं बघालंय एवढ्या भरवशावर मेंदूनं स्वत:चं औषध सोडलं होतं. तेव्हापासून मावशी लोक काउंटरवर सगळं दुखणं पहिल्यापासून सांगायला लागले की मी मधे तोडत नाही, मागची लाईन बोंबलू दे. पण म्हणून "दुखणं मनावर घेऊ नका, पॉझिटिव्ह राहा" असं जे सांगतात त्यांच्या बाजूला मला बसवू नका. ज्याचा गुडघा झिजलाय त्याचा झिजलाय, त्याला एक्स-रे लागतो, व्यायाम लागतो, कधी ऑपरेशन लागतं. एंडॉर्फिनच्या नावाखाली त्याच्यावरच ढकलायचं, तू आनंदी नाहीस म्हणून दुखतंय, हा मात्र सरळ निर्लज्जपणा.

मागच्या पावसाळ्यात आजोळी गेलो होतो. आता नट्टी गुत्त्यानं देतात, एकराचा रेट ठरवून, बायकांची टोळी टेम्पोतून येते. ती टोळी पण गात होती, आता एकीच्या मोबाईलवर गाणं लावून त्यावर गात होत्या. दुपारच्या जेवणाशिवाय थांबायचं नाव नाही, लवकर संपवलं की दुसरा एकर. मामेभाऊ बांधावर उभा राहून कौतुकानं म्हणाला, बघ कशा हसत खेळत करालेत, एकीला तरी त्रास दिसतो काय? मी त्याला हे सगळं सांगितलं, अंगातलं औषध, गाणं, ऑक्सफर्ड, आणि म्हटलं की हसतात म्हणून त्रास नाही असं धरू नकोस, मधे मधे दहा मिनिटं बांधावर बसव, चहा दे, आणि रेट ठरवतानाच नट्टी संपल्यावरचा एक दिवस बसून पगार धर, कारण दुखणं त्या दिवशी येतं आणि त्या दिवशी त्या दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारात वाकलेल्या असतात.

तो भडकला. म्हणाला, भाताला दर काय मिळतो ठाऊक आहे काय तुला? खताचं पोतं कितीला? पंख्याखाली बसून गोळ्या विकणाऱ्यानं शेतातलं शिकवू नये. आणि एवढं त्यांचं वाटतंय तर तूच बाम फुकट वाट की.

खताचं पोतं कितीला ते मला ठाऊक नव्हतं. बाम फुकट वाटायचा विचार केला, होलसेल रेटला बसतो तसा, पुढच्या नट्टीला टेम्पोच्या बाईकडं एक बॉक्स देणार आहे. पण बसून पगाराचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, आणि मामेभाऊ अजून फोन उचलत नाही.